काथ्या रंगाची हिरवी साडी

मामा, तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. आपल्या दोघांचे डोळे सारखे आहेत हे तुला माहीत होतं, तूच मला सांगितलं होतंस. पण त्याला नाव आहे, ते आईकडून मुलाला येतं, त्यात तुझा काडीचा दोष नाही आणि माझाही नाही, हे तुला कोणी सांगितलं नाही. आणि मागच्या शनिवारी मी ते भर वर्गात सांगून टाकलं. काही झालं नाही बाप्पा. कोणी आंधळा म्हटलं नाही, कोणी येडा म्हटलं नाही, कोणी दार दाखवलं नाही. इतकं हलकं वाटतंय की कोणाजवळ तरी बोलावंसं वाटलं, आणि बोलायचं तर तुझ्याशीच. शाळेत शिकलो त्या मराठीत लिहितोय, हसू नको. आपल्या बोलीत लिहायला गेलो की तुझाच आवाज कानात येतो आणि हात थांबतो.

तू गेलास तेव्हा मी कॉलेजात नुकताच जायला लागलो होतो. आता कानाशी केस पांढरे झालेत, चौथीत जाणारी एक लेक आहे, आणि ह्या वयात मी पुन्हा कॉलेजात जातो. अकोल्यात माती तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी काम करतो. शेतकरी पिशवीत माती आणून देतात, आम्ही तिच्यात काय आहे, काय नाही ते सांगतो. आमचे मालक म्हणाले, आता नुसत्या पिशव्यांवर भागणार नाही, पुढचं सगळं काम नकाशावर होणार, शिकून ये नाही तर मला दुसरा माणूस पाहावा लागेल. म्हणून शनिवार-रविवार सकाळची गाडी पकडतो, बडनेऱ्याला उतरतो आणि ऑटोनं अमरावतीच्या कॉलेजात जातो. अभ्यासक्रमाला जीआयएस म्हणतात. उपग्रह वरून फोटो काढतो, आणि आम्ही खाली कॉम्प्युटरसमोर बसून सांगायचं की हे वावर, हा नाला, हे जंगल, ही पडीक जमीन. मग ज्याला त्याला रंग द्यायचा आणि नकाशा करायचा. वर्गातली पोरं माझ्या निम्म्या वयाची, मला काका म्हणतात. मॅडम पुण्याच्या. टमाट्याला आमच्याकडे भेदरं म्हणतात असं मी पहिल्या दिवशी सांगितलं तर त्या हसून हसून बेजार झाल्या.

पण पहिल्याच तासाला मी दाराजवळची खुर्ची धरली. नकाशा म्हणजे सगळा रंगांचाच कारभार. आणि मी एकदा ह्याच पायी हाकलला गेलो होतो, ते तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर मी रेल्वेची परीक्षा पास झालो होतो, इंजिन चालवायची. आईनं गल्लीत पेढे वाटले. मग डॉक्टरी तपासणी. तिथल्या डॉक्टरांनी माझ्यापुढे एक पुस्तक धरलं, पानभर रंगीत ठिपके, आणि म्हणाले, आकडा वाच. मला आकडा कुठे दिसेना. पान उलटलं, तिथेही ठिपकेच. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, तू रंगांध आहेस, तुला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आजवर कोणी सांगितलं नाही का? मी बाहेर बाकावर येऊन बसलो आणि सगळ्यात आधी तू आठवलास. नोकरी गेल्याचं दुःख मागून आलं. घरी एवढंच सांगितलं की झालं नाही, आणि तुझं ऐकून पुढेही कोणाला काही बोललो नाही.

तुझा बाळापूरचा बाजार आठवतो. तुझ्या वावरातली वांगी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, मेथी, आणि मळ्यावाल्यांकडून घेतलेली भेदरं. घ्यायला गेलास की तू एकेक भेदरं अंगठ्यानं दाबायचास, नाकाला लावायचास, देठापाशी बोट फिरवायचास. लोक चिडवायचे, भेदरं घेऊन राहिला का नाडी पाहून राहिला? तू म्हणायचास, नाडीच पाह्यतो, तुमच्यासारखा फसत नाही. फसायचास मात्र. घाई झाली की अर्धी टोपली हिरवी निघायची आणि मामी सगळ्या बाजारादेखत विचारायची, डोये फुटले का तुमचे? तू हसायचास. मला वाटायचं, मामा किती मजेचा माणूस आहे, ह्याला कशाचं काही वाटत नाही.

मग ताईचं डोहाळजेवण आलं. मी आठवीत होतो. आमचं अकोल्याचं घर बायकांनी भरलेलं, हिरव्या बांगड्यांचा नुसता किणकिणाट, झोपाळ्याला झेंडूच्या माळा. हिरवी साडी मामाची, हे ठरलेलं. आई तुला म्हणाली होती की मी संग येते दुकानात, पण तू ऐकतोस कशाला. मामाचं लुगडं मामाच आणीन, म्हणालास. दुकानात काय झालं असेल ते मी आज सांगू शकतो. तू दुकानदाराला रंग बोललाच नसशील, कारण रंगाचं नाव तोंडातून काढायचंच नाही हा तुझा नेम. त्यानं ढीग पुढे टाकला असेल, आणि तू पोताला हात लावून सगळ्यात मऊ, सगळ्यात चांगली साडी उचलली असशील. आईनं स्वयंपाकघरात पुडा उघडला तेव्हा मी दारातच उभा होतो. ती साडी उलटसुलट करून पाहत राहिली. मागून ताईच्या सासूबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, हिरवं नाही भेटलं का? साडी काथ्या रंगाची होती. हे मला नंतर कळलं, लोकांच्या बोलण्यातून. त्या वेळी मी आपला मोठ्यानं म्हणालो, "हिरवंच तं आहे."

सगळ्या बायका हसल्या. पोट्टा मामाची बाजू घेऊन राहिला, असं त्यांना वाटलं. तू हसला नाहीस. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि तुझं ते पाहणं मी अजून विसरलो नाही. मग तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास की बाजारात यंदा हाच रंग चालून राहिला, मले हाच आवडला. झालं. आईनं कपाटातून तिची न नेसलेली हिरवी साडी काढली, ताई ती नेसून झोपाळ्यावर बसली, आणि तुझी साडी घडीसकट राहिली. पुढे आईनं ती बोहारणीला देऊन टाकली. माह्या पोरीच्या ओटीत त्यानं मातीचा रंग टाकला, हे वाक्य मी तिच्या तोंडून किती लग्नांत, किती बारशांत ऐकलं असेल. तू असलास तरी बोलायची, नसलास तरी बोलायची. तू मान खाली घालून जिलबी खायचास. एकदाही उलटून बोलला नाहीस, आणि मला राग यायचा की हा माणूस एवढा हट्टी का.

दुसऱ्या दिवशी तुला बसस्टँडवर सोडायला मी आलो होतो. आपण शेवेची पुडी घेतली, बाकावर बसलो. तू पुडीत पाहत विचारलंस, "तुलेही नाही दिसत ना?" मी पुडीतच पाहत मान हलवली. मग तू हळू आवाजात म्हणालास, "कोणाले सांगू नोको. लोकं आंधळा म्हणतात, नाही तं येडा म्हणतात. हट्टी म्हणू दे, थे बरं." आणि मग एकेक युक्ती सांगत बसलास. सिग्नलचा वरचा दिवा लाल, खालचा हिरवा. रंग नको पाहू, जागा पाह्य. शाळेत खडूच्या कागदावर नाव छापलेलं असते, थे वाचून झाड रंगव. कपडा घ्यायचा तं पांढरा घे. त्या दिवशी मला एवढा आनंद झाला होता मामा, काय सांगू. चित्रकलेच्या तासाला तपकिरी पानं काढून मार खाणारा मी जगात एकटा नव्हतो. पण त्या आनंदाबरोबर तू मला गप्प बसणंही देऊन गेलास, आणि ते पुढे फार जड झालं. तुझ्यावर रागावलेलो नाही. तुझ्याजवळ दुसरं द्यायला होतंच काय.

तर कॉलेज. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी पडद्यावर उपग्रहाचा फोटो लावला आणि सगळा वर्ग ओरडला. मागून एक जण म्हणाला, जंगलाले आग लागली का? मेळघाट सगळा लालेलाल दिसत होता म्हणे. मॅडम म्हणाल्या, उपग्रहाला आपल्याला न दिसणारा प्रकाशही दिसतो. झाडांची पानं तो प्रकाश खूप फेकतात, आणि तो दाखवायला रंग उरत नाही म्हणून आपण लाल वापरतो. जितकं लाल, तितकं हिरवंगार. पोरं डोकं खाजवायला लागली. हिरवं ते लाल, मग लाल ते काय? तासभर त्यांचा गोंधळ चालला आणि मी आपला शांत बसून सगळं बरोबर ओळखत होतो, गडद आणि फिकं पाहून, आकार पाहून, कुठे काय असतं ते पाहून. आयुष्यभर तेच तर केलं. एकदाचे सगळे माझ्या बाजूला आले, असं वाटून मला हसूच फुटलं. मॅडमनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही.

पण आपले नकाशे आपण रंगवायची वेळ आली तेव्हा पुन्हा युक्त्या काढाव्या लागल्या. कॉम्प्युटरवर प्रत्येक रंगाला क्रमांक असतो, तो पाहून मी भागवत होतो. दर्यापूरपासून वर मेळघाटापर्यंतचा पट्टा मला आला होता. खाली खाऱ्या पाण्याची, पांढरी पडलेली जमीन, मध्ये कपाशी, सोयाबीन, तूर, वर जंगल. शनिवारी तो दाखवायचा होता. गाडी उशिरा आली, मी धावतपळत पोचलो, घाईत दोन क्रमांक इकडचे तिकडे झाले. नकाशा पडद्यावर आला आणि मला तो ठीकच दिसत होता. तेवढ्यात मेळघाटातल्या धारणीचा एक पोरगा म्हणाला, "काका, आमची धारणी उजाड केली तुमी." वर्ग खदखदला. जंगल मी मातीच्या रंगाचं केलं होतं, आणि दर्यापूरची खारट जमीन, जिथे धड गवत येत नाही, ती हिरवीगार.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हे मुद्दाम केलंय का, काही वेगळा विचार आहे ह्यामागे? मामा, वाट मोकळी होती. हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. यंदा हाच रंग चालून राहिला, एवढं तर म्हणायचं होतं. माझ्या तोंडाशी तेच आलं, तुझ्याच आवाजात. आणि मला पुढचं सगळं दिसलं. पुढच्या नकाशाला पुन्हा हेच, प्रयोगशाळेत पुन्हा हेच, प्रत्येक वेळी एक नवीन थाप, आणि शेवटी मान खाली घालून जिलबी. मालकांनी दुसरा माणूस पाहिला तर पाहिला, म्हटलं. आणि घाबरलो की माझं शाळेतलं मराठी पळून जातं, तसं ते गेलं. "मॅडम, मले लाल आन हिरवं वेगळं दिसत नाही. लहानपणापासून."

मॅडम म्हणाल्या, "अहो, मग आधी सांगायचं ना!" डबा आणला नाही असं मी सांगितलं असतं तर ज्या आवाजात म्हणाल्या असत्या, त्याच आवाजात. आणि कॉम्प्युटरकडे वळल्या. वरच्या यादीत कुठेतरी गेल्या, काहीतरी निवडलं, आणि म्हणाल्या, आता सगळ्यांनी बघा. पोरं एकदम आ वासून पाहायला लागली. मी वाट पाहत होतो. काहीच होईना, तेव्हा मी म्हटलं, मॅडम, बटण दाबलं गेलं नाही वाटते. कोणी तरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मॅडम म्हणाल्या, दाबलंय. नकाशा तुमच्यासारख्या डोळ्यांना कसा दिसेल ते दाखवायची सोय ह्यात आहे, ती लावली आहे. ह्यांना बदललेला दिसतोय, तुम्हाला नाही दिसणार. धारणीचा पोरगा उठून पडद्याजवळ गेला, मेळघाटावर हात ठेवला, मग दर्यापूरवर ठेवला, आणि म्हणाला की हे दोन्ही तं एकच दिसून राहिले. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, काका, असं दिसते तुमाले? मी हो म्हटलं. आजवर तुझ्याशिवाय हे मला कोणी विचारलं नव्हतं.

पुढे काय व्हावं? मॅडम म्हणाल्या, नकाशा वाचणाऱ्यांत तुमच्यासारखे पुष्कळ असतात, त्यांना वाचता येत नसेल तर चूक नकाशाची. पिवळा-निळा वापरा, जंगलाला रेघा द्या, पडीकला ठिपके द्या. आणि आजपासून सगळ्यांचे नकाशे आधी ह्यांना दाखवायचे, ह्यांना कळले तरच माझ्याकडे आणायचे. पोरांनी मला राजकमल चौकाकडे नेऊन गिला वडा खाऊ घातला आणि रस्त्यानं दिसेल त्या वस्तूचा रंग विचारून विचारून जीव खाल्ला. ही गाडी कोणती काका, ते पोस्टर कोणतं काका. मी चुकत होतो, ते हसत होते, मीही हसत होतो. सोमवारी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, बरं, मग रेघावालेच नकाशे करू, आणि चहा सांगितला. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं श्वास रोखून बसलो होतो.

आईला सांगणं बाकी होतं. ती अकोल्यात माझ्याजवळच असते, गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत आहे. नुसतं सांगून तिला पटणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून तिचाच फोटो काढला. ती खिडकीशी कोथिंबीर निवडत बसली होती, अंगावर हिरवी साडी, असं बायकोनं सांगितलं. तो फोटो लॅपटॉपवर नकाशासारखा उघडला. फोटोला जागेचा पत्ता नसतो ना, म्हणून त्या कॉम्प्युटरनं आईला आफ्रिकेजवळच्या समुद्रात नेऊन ठेवलं. ती म्हणाली, मले तिकडे कायले पाठोतं? मग मी मॅडमनी दाखवलेली सोय लावली. मला फोटो होता तसाच दिसत होता, म्हणून मी पडद्याकडे पाहत नव्हतो, आईकडे पाहत होतो. तिचे हात थांबले. ती पुढे वाकली, चष्मा वर केला, खाली केला. आणि म्हणाली, "हे तं थेच लुगडं."

तिनं विचारलं, त्याले हे असं दिसे? मी म्हटलं हो. आन तुले? मलेही. मग तिला सांगितलं की हे आईकडून मुलाला येतं, तुझ्या आईकडून तुझ्या भावाला, तुझ्याकडून मला. मला भीती होती की ती हे मनाला लावून घेईल. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, म्हणजे आमच्या बुढीपासून आहे हे, बुढीनं मागं ठेवलं बी तं हेच ठेवलं. मग रडली. मग चिडली, तुझ्यावर, तू समोर बसला आहेस असं समजून. "सांगतलं असतं तं मी दुकानात संग आली नसती का रे?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. संध्याकाळी तिनं ताईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. कानावर पडलं तेवढ्यात एकदाही तिनं मातीचा रंग म्हटलं नाही. ताईच्या पोराचे डोळे चांगले आहेत. मी त्याला अर्धी कच्ची भेदरं देऊन तपासलं, त्यानं सगळी बरोबर निवडली आणि वर मलाच विचारलं की मामा, तुले काय झालं. माझ्या लेकीत ते माझ्याकडून लपून आलंच असणार, तिला पुढे मुलगा झाला तर त्याचं बघावं लागेल. त्याला मी युक्त्या शिकवीन, पण गप्प बस म्हणणार नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, टेबलाच्या खणात राहील. एक सांगायचं राहिलं. लेकीच्या कंपासपेटीतून हातात आला तो पेन घेऊन मी लिहायला बसलो. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं की शाई निळी नाही, लाल आहे की हिरवी ते मला कळत नाही. आणि मामा, एवढं सगळं होऊनही मी गप्प बसलो, आणि तसाच लिहीत गेलो. आत्ता लाज वाटली, म्हणून तिला हाक मारली आणि विचारलं. तिनं पानावर एक नजर टाकली, "लाल आहे, बाबा," म्हणाली, आणि गेली खेळायला.

एवढंच होतं.